निगाकर्त्याचा विसावा : अपंगांच्या अल्पकालीन निगेचा विचार

१. प्रश्नाचे स्वरूप

ज्यांच्या घरी तीव्र अपंगत्व असलेले अपत्य आहे, अशा आईबापांशी बोलताना समाजकार्याच्या अभ्यासकाच्या कानी एक प्रश्न हमखास पडतो : ‘आमच्या मागे याचे कसे व्हावयाचे?’ हा प्रश्न इतका स्वाभाविक आहे, की त्याच्या सावलीत त्याच्या आधीचा दुसरा एक प्रश्न दिसेनासा झाला आहे. आईबाप हयात असतानाच त्यांतील एकजण आजारी पडला, भावकीत लग्नकार्य वा मर्तिक निघाले, किंवा केवळ सलग दोन रात्री झोप मिळावी असे आईला वाटले, तर तेवढ्या अवधीत त्या मुलाची निगा कोणी राखावयाची? पहिला प्रश्न मृत्यूनंतरचा, तर दुसरा रोजच्या जगण्यातला. पहिल्याच्या उत्तरासाठी वसतिगृहे, न्यास व पालकत्वाचे कायदे निर्माण झाले. दुसऱ्याला समाजाने अद्याप प्रश्न म्हणून पुरती मान्यता दिलेली नाही. वस्तुतः पहिल्याचे समाधानकारक उत्तर दुसऱ्याच्या उत्तरावरच अवलंबून असते. ते कसे, हे दाखविणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

निगाकर्त्यास ठरावीक मुदतीची मोकळीक मिळावी म्हणून अपंग व्यक्तीच्या निगेची जबाबदारी तेवढ्यापुरती दुसऱ्या जाणत्या माणसाने वा संस्थेने पत्करणे, यास ‘विसावा-सेवा’ असे म्हणता येईल. तिची लक्षणे तीन. पहिले, तिला मुदत असते. ती काही तासांची, एका रात्रीची किंवा दोन-तीन आठवड्यांची असू शकते. दुसरे, व्यक्तीचे स्वगृही परतणे तीत गृहीतच असते. तिसरे, ती दोघांच्या हितासाठी असते. एकाच्या सोयीसाठी दुसऱ्याची अडगळ दूर करणे हा तिचा अर्थ नव्हे. रुग्णालय, विशेष शाळा व कायम निवासाची संस्था यांहून ती या लक्षणांमुळे वेगळी ठरते. शाळेमुळे आईला काही तास मिळतात हे खरे. परंतु तो शाळेचा आनुषंगिक लाभ होय. सुट्टी लागली, किंवा मुलाचे शाळेचे वय संपले, की तोही संपतो.

२. निगेचे श्रम

निगा हा शब्द मराठीत इतका सौम्य आहे, की त्यामागील श्रमांची कल्पना त्यावरून येत नाही. पाठीच्या कण्यास इजा होऊन कमरेखालील संवेदना गेलेल्या व्यक्तीला अंथरुणात साधारणपणे दर दोन तासांनी कूस पालटून द्यावी लागते. अन्यथा एकाच जागी दाब पडून शय्याव्रण होतात आणि ते चिघळले तर जिवावर बेततात. मूत्रनलिकेची स्वच्छता वेळच्या वेळी राखावी लागते. मेंदूचा पक्षाघात असलेल्या मुलाला घास गिळणे अवघड जाते. मान व पाठ योग्य रीतीने आधारून सावकाश भरवावे लागते, नाहीतर अन्न श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो. अपस्माराच्या औषधाची एक मात्राही चुकवून चालत नाही. स्वमग्न व्यक्तीस दिनक्रमातील लहानसा बदलही असह्य होऊ शकतो. ही कामे दिवसाकाठी एकदा उरकावयाची नसतात. ती रात्रंदिवस चालू राहतात. कोल्हापूर जिल्ह्यातील खेड्यात हीच स्त्री पहाटे व सायंकाळी धार काढून दूध संस्थेत घालते आणि मधल्या वेळात शेतात भांगलणीस जाते, हे ध्यानी घेतले म्हणजे तिच्या दिवसात विश्रांतीला जागा का उरत नाही ते समजते.

या श्रमांची वाटणीही सम नाही. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०२४ च्या कालविनियोग सर्वेक्षणात १५ ते ५९ वर्षे वयाच्या स्त्रियांपैकी ४१ टक्के स्त्रिया घरातील माणसांच्या संगोपन-शुश्रूषेत सहभागी असल्याचे आढळले. पुरुषांत हे प्रमाण २१.४ टक्के होते. सहभागी स्त्रिया या कामात दिवसाला सुमारे १४० मिनिटे, तर पुरुष ७४ मिनिटे घालवीत होते. हे आकडे सर्व प्रकारच्या संगोपनाचे आहेत, केवळ अपंगांच्या निगेचे नव्हेत. तथापि भार कोणीकडे झुकतो हे त्यांवरून स्पष्ट होते.

दुसरी एक आकडेवारी याहून अधिक बोलकी आहे. २०११ च्या जनगणनेत भारतातील अपंगांची संख्या सुमारे २ कोटी ६८ लक्ष आणि महाराष्ट्रातील सुमारे २९ लक्ष ६३ हजार नोंदली गेली. पुढे जुलै ते डिसेंबर २०१८ या काळात झालेल्या राष्ट्रीय नमुना पाहणीच्या ७६ व्या फेरीत निगाकर्त्याविषयी विचारणा करण्यात आली. तीत ६२.१ टक्के अपंग व्यक्तींना निगाकर्ता असल्याचे, ३७.७ टक्क्यांना त्याची गरज नसल्याचे, आणि गरज असूनही निगाकर्ता न मिळालेल्यांचे प्रमाण अवघे ०.३ टक्के असल्याचे दिसून आले. वरवर पाहता निगेची वाण जवळजवळ नाहीच, असा निष्कर्ष यावरून निघेल. परंतु पाहणीचा प्रश्न ‘निगाकर्ता आहे काय?’ एवढाच होता. तो कोण, त्याचे वय काय, तो आजारी पडल्यास त्याच्या जागी उभा राहणारा कोणी आहे काय, हे त्यातून कळत नाही. सत्तर वर्षांची आई चाळीस वर्षांच्या मुलाला उचलून न्हाऊ घालीत असेल, तर तिची नोंद ‘निगाकर्ता उपलब्ध’ अशीच होणार. विसाव्याची गरज नेमकी या ६२.१ टक्क्यांच्या आत दडलेली आहे.

३. माहेर आणि पैरा

सेवा करणाऱ्यालाही मधूनमधून सुटका हवी, ही कल्पना मराठी समाजाला परकी नाही. सासुरवाशिणीचे माहेरपण म्हणजे काय होते? वर्षभर सासरी राबणाऱ्या मुलीला पंचमीला वा दिवाळीला माहेराहून मुऱ्हाळी येई आणि काही दिवसांपुरता तिच्या अंगावरील भार उतरे. हा विसावा तिने मागून घ्यावयाचा नसे. तो रीतीनेच ठरलेला असे, व तो घेतल्याबद्दल तिला कोणी कामचुकार म्हणत नसे. ती परत येणार हेही ठरलेलेच असे. पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी नेण्याच्या चालीतही हेच तत्त्व आहे : जी दुसऱ्या जीवाला जपते आहे, तिला जपणारे कोणीतरी पाहिजे.

अमेरिकन तत्त्वचिंतक एव्हा किटे यांनी १९९९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात या तत्त्वाला सैद्धांतिक रूप दिले. त्या स्वतः तीव्र बौद्धिक अपंगत्व असलेल्या मुलीच्या आई आहेत. बाळंतिणीची शुश्रूषा करणाऱ्या स्त्रीला ग्रीक शब्दावरून ‘डूला’ म्हणतात. ती बाळाला नव्हे, तर बाळाला सांभाळणाऱ्या आईला सांभाळते. यावरून किटे असा सिद्धांत मांडतात, की परावलंबी माणसाची निगा राखणारी व्यक्ती त्या कामामुळे स्वतःही परावलंबी होते, म्हणून तिला आधार देणे हे समाजाचे न्याय्य कर्तव्य ठरते. मराठी वाचकाला हा सिद्धांत ओळखीचा वाटावा; माहेर ही त्याची जुनी लोकरीतच म्हणता येईल.

परंतु अपंग मुलाच्या आईच्या बाबतीत ही रीत नेमकी मोडते. मुलाला सोडून तिला माहेरी जाता येत नाही. आणि घेऊन गेल्यास भावाच्या घराचा उंबरठा, न्हाणी, शेजाऱ्यांच्या नजरा, मुलाची अस्वस्थता यांमुळे ते माहेरपण उरत नाही. एकत्र कुटुंबात चार जावांत भार वाटला जाई. आता घरे लहान झाली, मुले नोकरीसाठी पुण्या-मुंबईस गेली, आणि नात्यांची जी फळी आडवेळी उभी राहत असे ती विरळ झाली. जुन्या व्यवस्थेचे गोडवे गाण्याचे कारण नाही, कारण तीत हा भार बहुधा सर्वांत दुबळ्या सुनेवर किंवा विधवा बहिणीवर पडे. तथापि त्या व्यवस्थेने जे काम केले, ते करणारी नवी व्यवस्था निर्माण झाली नाही, हेही तितकेच खरे.

कृषिजीवनातील दुसरी एक रीत येथे स्मरणात ठेवण्यासारखी आहे. एका शेतकऱ्याने दुसऱ्याच्या शेतात श्रमावे आणि दुसऱ्याने ते श्रम पुढे फेडावे, या परस्पर साहाय्यास कोल्हापूरकडे ‘पैरा’ म्हणतात. पैऱ्यात उपकार नसतो, म्हणून घेणाऱ्याला संकोचही नसतो. विसावा-सेवेची घडण करताना हा संकोचाचा मुद्दा किती महत्त्वाचा आहे, हे पुढे दिसून येईल.

४. कायद्याने काय मान्य केले

अपंग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या संयुक्त राष्ट्रांच्या करारास भारताने १ ऑक्टोबर २००७ रोजी अनुसमर्थन दिले. या कराराच्या २८ व्या अनुच्छेदात, दारिद्र्यात राहणाऱ्या अपंग व्यक्तींना व त्यांच्या कुटुंबांना शासनाने द्यावयाच्या साहाय्यात प्रशिक्षण, समुपदेशन व अर्थसाहाय्य यांच्या जोडीने विसाव्याच्या निगेचाही स्पष्ट उल्लेख आहे. विसावा ही दानशूरांची मेहरबानी नसून मान्य केलेले कर्तव्य आहे, ही भूमिका त्यामुळे दृढ होते.

त्याच्या आधीच भारताने १९९९ मध्ये राष्ट्रीय न्यास अधिनियम संमत केला होता. स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात, मतिमंदत्व व बहुविकलांगता या चार अवस्थांतील व्यक्तींसाठी तो आहे. त्याच्या उद्दिष्टांत तीन पायऱ्या दिसतात : व्यक्तीला आपल्या कुटुंबात राहता यावे म्हणून साहाय्य, कुटुंबावर आपत्ती आली असता गरजेनुसार सेवा, आणि आईबापांच्या मृत्यूनंतर निगा व संरक्षण. न्यासाच्या ‘समर्थ’ योजनेत अनाथ, निराधार, संकटग्रस्त व अल्प उत्पन्नाच्या कुटुंबांतील व्यक्तींसाठी विसावा-गृहे अभिप्रेत आहेत, आणि कुटुंबीयांना अन्य जबाबदाऱ्या पार पाडण्यास वेळ मिळावा हाही तिचा उद्देश सांगितलेला आहे. ‘घरौंदा’ ही प्रौढांच्या निवासाची, ‘विकास’ ही दिवसभराच्या निगेची, तर ‘सहयोगी’ ही निगाकर्त्यांना शिक्षण देण्याची योजना म्हणून आखली गेली. १८ वर्षांवरील व्यक्तीस पालक नेमून देण्याचे काम प्रत्येक जिल्ह्यात स्थानिक स्तर समितीकडे असते. तीत जिल्हा दंडाधिकाऱ्याच्या दर्जाचा अधिकारी, नोंदणीकृत संस्थेचा प्रतिनिधी आणि एक अपंग व्यक्ती असे सदस्य असतात.

अपंग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ ने अपंगत्वाचे २१ प्रकार मानले आणि ‘निगाकर्ता’ या शब्दाची व्याख्या केली : मोबदला घेऊन वा न घेता अपंग व्यक्तीस निगा, आधार वा साहाय्य देणारी कोणतीही व्यक्ती, तीत आईबाप व कुटुंबीय आलेच. अधिक आधाराची गरज असलेल्या व्यक्तींसाठी निगाकर्ता-भत्त्याची तरतूदही २४ व्या कलमात आहे. मात्र शासनाच्या आर्थिक क्षमतेची मर्यादा तीस घातलेली आहे. भत्ता आणि विसावा यांत भेद केला पाहिजे. भत्त्याने श्रमाचे मोल अंशतः मान्य होते. श्रम थांबत नाहीत. थकलेल्या आईच्या हाती पैसे आले, परंतु विश्वासाने मूल सोपवावे अशी जागाच गावात नसली, तर तिची झोप विकत मिळत नाही.

कायद्यातील आपत्तीच्या कल्पनेविषयीही असेच म्हणता येईल. आपत्ती येते तेव्हा साहाय्य हवेच. २०१९ व २०२१ च्या महापुरांत पंचगंगाकाठच्या लोकांना घरे सोडावी लागली, तेव्हा अंथरुणाला खिळलेल्या माणसाला हलविणे म्हणजे काय असते हे जिल्ह्याने पाहिले आहे. परंतु विसाव्याचे खरे स्थान आपत्तीच्या आधी आहे. निगाकर्ता कोसळल्यावर पोचणारी सेवा ही बचाव-सेवा झाली. तो कोसळू नये म्हणून नियमाने मिळणारी ती विसावा-सेवा.

५. कोल्हापूरची परंपरा

या प्रश्नाच्या विचारास कोल्हापूर ही योग्य भूमी आहे. १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंगपासून सुरू झालेली शाहू छत्रपतींची वसतिगृह-चळवळ हा सामाजिक इतिहासातील मोठा प्रयोग होता. खेड्यातील मुलाला घरापासून दूर, परंतु घराशी नाते न तोडता, शहरात राहण्याची सोय समाजाने करून द्यावी, असे तिचे तत्त्व होते. घरातून काही काळ बाहेर राहणे म्हणजे घराने टाकून देणे नव्हे, ही जाण या शहराला शंभर वर्षांहून अधिक काळ आहे.

अपंगांच्या क्षेत्रात श्रीमती नसीमा हुरजूक यांचे कार्य सर्वश्रुत आहे. तरुण वयात कमरेखालील शक्ती गेल्यानंतर, बाबूकाका दिवाण यांच्या प्रेरणेने त्या या कार्याकडे वळल्या आणि १९८४ मध्ये कोल्हापुरात ‘हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड’ ही संस्था उभी राहिली. उचगाव येथील ‘घरौंदा’ हे तिचे वसतिगृह. नावात साम्य असले तरी न्यासाच्या योजनेशी त्याची गल्लत करू नये. ‘चाकाची खुर्ची’ या त्यांच्या आत्मकथनातून अपंगत्वाचा अनुभव मराठी वाचकांपर्यंत पोचला. त्या कार्याचा भर शिक्षण, निवास, रोजगार व स्वावलंबन यांवर राहिला, आणि शारीरिक अपंगत्वाच्या संदर्भात तो यथायोग्यच होता. बौद्धिक अपंगत्व असलेल्यांसाठी कोल्हापुरातच ‘चेतना अपंगमती विकास संस्था’ शिक्षण व कार्यशाळेचे काम करते. राज्यात अन्यत्र पाहिले, तर मुंबईची जय वकील शाळा १९४४ मध्ये एका मुलीच्या आईबापांनी सुरू केली. डोंबिवलीजवळील खोणीचे ‘घरकुल’ हे पालकांच्या संघटनेने उभारलेले निवासस्थान आहे. या क्षेत्रातील पुष्कळशा उपक्रमांचा उगम पालकांच्या निकडीत आहे, ही गोष्ट अर्थपूर्ण होय.

या सर्व प्रयत्नांचे प्रकार लक्षात घेता शाळा, कार्यशाळा, वसतिगृह व आजीव निवास अशा पायऱ्या दिसतात. विसावा ही यांच्यामधील पायरी आहे. ती नसली, म्हणजे कुटुंबापुढे दोनच पर्याय उरतात : मुलाला कधीच दूर न ठेवणे, अथवा कायमचे दूर ठेवणे. कित्येक आईबाप पहिला पर्याय शरीर साथ देईतो चालवितात. आणि मग एके दिवशी, पूर्वतयारीविना, दुसरा पर्याय त्यांच्यावर कोसळतो. ज्या व्यक्तीने चाळीस वर्षांत एकही रात्र परक्या छपराखाली काढलेली नाही, तिला त्या एकाच दिवशी आई, घर, परिचित आवाज आणि भरविणारा हात, सारेच गमवावे लागते. याउलट जी व्यक्ती वर्षातून दोन-तीनदा चार दिवस ओळखीच्या संस्थेत राहून आली आहे, तिला ती जागा व तेथील माणसे ठाऊक असतात. संस्थेलाही तिच्या खाण्याच्या तऱ्हा, भीती व औषधे ठाऊक असतात. ‘आमच्या मागे कसे’ या प्रश्नाची तयारी अशा रीतीने आईबापांच्या डोळ्यांदेखत होते.

६. सेवेची घडण

विसावा-सेवेचे तीन प्रकार संभवतात. घरी येऊन निगा राखणे, दिवसापुरते सोपविणे, आणि रात्रीच्या मुक्कामासह ठेवून घेणे. दिनक्रमात बदल न सोसणाऱ्या व्यक्तीस पहिला प्रकार मानवतो. आईला सलग झोप वा प्रवास हवा असेल तर तिसऱ्याला पर्याय नाही. जर्मनीत १९९५ पासूनच्या निगा-विम्यात वर्षातून आठ आठवड्यांपर्यंतच्या अल्पकालीन निवासी निगेची सोय आहे, आणि अमेरिकेने २००६ मध्ये विसावा-सेवांच्या समन्वयासाठी स्वतंत्र कायदा केला. परंतु त्यांची नक्कल करण्यापेक्षा येथील सहकाराच्या अंगवळणी पडलेल्या घडणीतून काही निर्माण होऊ शकेल काय, हे पाहणे अधिक उपयुक्त. पाच-सात कुटुंबांनी पैऱ्याच्या तत्त्वावर एकमेकांचे तास फेडावे, शिकलेल्या एका निगाकर्त्याचे वेतन संयुक्तपणे द्यावे, आणि विशेष शाळेच्या इमारतीतील दोन खोल्या सुट्टीच्या काळात त्यासाठी वापराव्या, अशी योजना कल्पनेबाहेरची नाही. तीत घेणाऱ्याला देणाराही होता येते, म्हणून संकोच कमी होतो.

संकोच हाच मोठा अडसर होय. मूल दुसऱ्याकडे ठेवून आपण झोपलो, या विचाराने आईला अपराधी वाटते. भावकी तिला नावे ठेवील अशी धास्ती असते. म्हणून पहिली सोपवणूक एका दुपारची असावी, आई जवळपास असावी, आणि अवधी हळूहळू वाढवावा. प्रत्येक व्यक्तीची एक निगा-वही असावी. औषधे व त्यांच्या वेळा, घास भरविण्याची रीत, कूस पालटण्याचा क्रम, आनंदाची व दुखण्याची खूण या गोष्टी तीत आईच्या शब्दांत उतरविल्या, म्हणजे आजवर केवळ तिच्या हातांत असलेले ज्ञान दुसऱ्याच्या उपयोगी पडते.

एक धोका नजरेआड करता येणार नाही. विसावा निगाकर्त्याचा आणि गैरसोय अपंग व्यक्तीची, असे झाले तर सेवेचा पायाच ढासळतो. जिला बोलता येत नाही, तिच्यावर परक्या जागी अन्याय झाल्यास तो उघडकीस येणे कठीण. म्हणून तिची संमती, निदान तिची पसंती-नापसंती, जाणून घेणे. आईबापांना केव्हाही येऊन पाहण्याची मुभा ठेवणे. आणि परतल्यावर वजन, त्वचा, झोप व वागणूक यांची नोंद घेणे आवश्यक ठरते.

परिणामकारकतेविषयी संशोधन काय सांगते? स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांच्या निगाकर्त्यांविषयी कॉक्रेन संस्थेने २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या समालोचनात विसाव्याचा लाभ निश्चितपणे सिद्ध झाला नाही. मात्र त्याचे कारण लाभाचा अभाव हे नसून उत्तम प्रतीच्या संशोधनाचा अभाव हे असावे, असे मत त्यात नमूद आहे. अनुभवाला उघड वाटणारी गोष्ट मोजमापाच्या कसोटीवर का उतरत नाही, हा पदव्युत्तर अभ्यासकांस आव्हान देणारा प्रश्न आहे. कदाचित मोजावयाची गोष्टच चुकत असेल. चार दिवसांच्या विसाव्याने मनाचा ताण महिन्यानंतरही कमी राहावा, ही अपेक्षा अवास्तव आहे. एका दिवसाच्या जेवणाने महिन्याची भूक भागत नाही. झोपेचे तास, आईचे स्वतःचे लांबणीवर पडलेले औषधोपचार, आणि कायम निवासाकडे जाण्याचा निर्णय किती काळ पुढे गेला, ही अधिक प्रामाणिक मापे ठरतील.

७. समारोप

विसावा-सेवा कुटुंबाची जागा घेण्यासाठी नसून, कुटुंबाला टिकून राहता यावे यासाठी आहे. जिल्ह्यात निगाकर्ते किती, त्यांची वये काय, आणि गेल्या वर्षभरात त्यांपैकी किती जणांनी एक संपूर्ण रात्र निश्चिंत झोपून काढली, एवढी साधी पाहणी तालुक्या-तालुक्यांतून झाली, तरी ०.३ टक्क्याच्या आड दडलेले चित्र उजेडात येईल. सासुरवाशिणीला माहेर असावे, हे ज्या समाजाला सांगावे लागले नाही, त्याला निगा राखणाऱ्या आईचे माहेर कोठे आहे, हा प्रश्न समजण्यास कठीण जाऊ नये.